विकत घेतलेले गुण
(जर्मन फुटबॉलच्या १९७०-७१ च्या हंगामाचा जमाखर्च)

बी. कॉम., तृतीय वर्ष

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने फुटबॉलवर लेख लिहावा, आणि तोही आपल्या जन्माच्या कितीतरी आधी, दूर जर्मनीत होऊन गेलेल्या एका हंगामावर, याचे वाचकांना थोडे नवल वाटेल. परंतु या हंगामाची हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा मला खेळाच्या पानापेक्षा खतावणीच्या पानाचीच आठवण अधिक झाली. कोणी किती दिले, कोणी किती घेतले, कशाच्या मोबदल्यात घेतले, आणि शेवटी तोटा कोणाच्या नावे पडला, असे सारे जमा-नावेच त्यात आहे. हिशेबाला कन्नडमध्ये ‘लेक्क’ म्हणतात आणि मराठीत ‘लेखा’. शब्द जवळचे आहेत आणि दोन्ही भाषांत त्यांचा धाक सारखाच आहे. म्हणून हा लेखाजोखा येथे मांडत आहे.

ज्यांना फुटबॉलच्या साखळी स्पर्धेची पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. तेव्हाच्या पश्चिम जर्मनीतील सर्वोच्च साखळी स्पर्धेला बुंडेसलिगा म्हणत. आजही तेच नाव आहे. १९७०-७१ साली तीत १८ संघ होते. प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी दोनदा खेळे, एकदा आपल्या गावी व एकदा त्याच्या गावी. म्हणजे प्रत्येकाचे ३४ सामने. जिंकल्यास २ गुण, बरोबरीस १ गुण. हंगामाच्या अखेरीस ज्याचे गुण सर्वांत जास्त तो विजेता, आणि तळाचे दोन संघ खालच्या श्रेणीत ढकलले जात. आपले सारे लक्ष साहजिकच तक्त्याच्या माथ्याकडे जाते. या हंगामाची खरी गोष्ट मात्र तक्त्याच्या तळाशी घडली.

हंगाम जसा दिसला

वरवर पाहता तो हंगाम फार रंगतदार झाला. बोरुसिया म्योन्शनग्लाडबाख आणि बायर्न म्युनिक हे दोन तरुण संघ अखेरच्या दिवसापर्यंत खांद्याला खांदा लावून धावत होते. ग्लाडबाखचे प्रशिक्षक हेनेस वाइसवाइलर. त्यांच्या संघात ग्युंटर नेट्झर, बेर्टी फोग्ट्स, युप हाइन्केस असे खेळाडू होते. मोकळ्या, धावत्या खेळामुळे या संघाला लोक कौतुकाने ‘शिंगरे’ म्हणत. बायर्नकडे फ्रान्झ बेकेनबाउअर, गेर्ड म्युलर आणि गोलरक्षक झेप मायर होते.

त्या वर्षी एक गंमतही घडली. ३ एप्रिल १९७१ रोजी ग्लाडबाखच्या मैदानावर ब्रेमेनविरुद्ध १-१ अशी बरोबरी असताना, सामना संपायला दोन मिनिटे उरली होती. हेर्बर्ट लाउमेन हा खेळाडू चेंडूमागे झेपावला तो थेट गोलच्या जाळ्यात जाऊन पडला, आणि त्या ओढीने लाकडी खांबच मोडला! खांब पुन्हा उभा राहीना, बदली गोल मैदानावर नव्हता. सामना थांबला. महासंघाने तो ब्रेमेनने २-० असा जिंकल्याचे ठरवले. कारण मैदान सुस्थितीत ठेवणे ही यजमानांची जबाबदारी. ग्लाडबाखने त्या दिवशी हातातला एक गुण गमावला. यानंतर लाकडी खांबांच्या जागी धातूचे खांब आले.

५ जून १९७१ हा शेवटचा दिवस. दोन्ही संघांचे गुण समान, प्रत्येकी ४८. ग्लाडबाखने फ्रांकफुर्टला जाऊन ४-१ असा विजय मिळवला; बायर्न डुइसबुर्गला ०-२ हरला. ग्लाडबाखचे ५० गुण झाले. आदल्या वर्षीचे विजेतेपदही त्यांचेच होते, आणि लागोपाठ दोन वर्षे बुंडेसलिगा जिंकणारा तो पहिलाच संघ ठरला. हंगाम एवढ्यावरच संपता तर आज तो केवळ मोडलेल्या खांबासाठी आठवला गेला असता.

त्याच दिवशी तळाला काय झाले ते पाहा. आर्मिनिया बिलेफेल्ड हा संघ बर्लिनमध्ये हेर्टा संघाविरुद्ध १-० असा जिंकला. हेर्टा तक्त्यात तिसऱ्या क्रमांकाचा बलाढ्य संघ, तर बिलेफेल्ड त्याच वर्षी प्रथम वरच्या श्रेणीत आलेला. किकर्स ऑफेनबाख कोलोनला २-४ असा हरला. ओबरहाउझेनने ब्राउनश्वाइगला १-१ अशी बरोबरी साधली. अखेरचे गुण असे : बिलेफेल्ड २९, फ्रांकफुर्ट २८, ओबरहाउझेन २७, ऑफेनबाख २७, आणि सर्वांत खाली एसेन २३. ओबरहाउझेन व ऑफेनबाख यांचे गुण सारखे, पण गोलांच्या फरकावर ओबरहाउझेन तरला आणि ऑफेनबाख बुडाला. ज्या ऑफेनबाखने १९७० साली जर्मन चषक जिंकला होता तोच संघ पुढच्याच उन्हाळ्यात खाली गेला. एक गुण जास्त मिळता तर तो वाचता. बिलेफेल्ड बर्लिनला हरता तर तोही २७ गुणांवरच अडकता, आणि कोणी जायचे याचा निकाल तिघांच्या गोलफरकावर लागता.

वाढदिवसाची ध्वनिफीत

होर्स्ट ग्रेगोरिओ कानेलास हे ऑफेनबाख क्लबचे अध्यक्ष. धंदा परदेशी फळांच्या आयातीचा. ६ जून १९७१ रोजी, म्हणजे क्लब बुडाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांचा पन्नासावा वाढदिवस होता. घराच्या बागेत पाहुणे जमले होते. त्यांत राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक हेल्मुट श्यॉन होते, महासंघाचे अधिकारी होते, पत्रकारही होते. कानेलास यांनी टेबलावर ध्वनिमुद्रण यंत्र ठेवले आणि कळ दाबली.

यंत्रातून दूरध्वनीवरची संभाषणे ऐकू येऊ लागली. कोलोनचा गोलरक्षक मान्फ्रेड मांगलिट्झ पैशाची मागणी करीत होता. हेर्टाचे बेर्न्ड पाट्झके आणि टास्सो विल्ड बिलेफेल्डविरुद्धच्या सामन्याबद्दल घासाघीस करीत होते. मांगलिट्झ आणि पाट्झके हे काही गल्लीतले खेळाडू नव्हेत. दोघेही १९७० च्या विश्वचषकासाठी गेलेल्या जर्मन चमूत होते. त्यांचे राष्ट्रीय प्रशिक्षक बागेत बसून त्यांचे आवाज ऐकत होते. श्यॉन यांच्या मनाची अवस्था काय झाली असेल याची कल्पनाच केलेली बरी.

येथून जे प्रकरण सुरू झाले ते अनेक वर्षे चालले. महासंघाच्या वतीने चौकशी केली ती हान्स किंडरमान यांनी. ते व्यवसायाने न्यायाधीश होते, आणि त्यांनी धागा सोडला नाही. मोसमाच्या अखेरच्या आठवड्यांतील १८ सामन्यांत पैशाचा हात फिरला होता आणि एकूण रक्कम दहा लाख मार्कांच्या वर होती असे उघडकीस आले. ५२ खेळाडू, २ प्रशिक्षक आणि ६ पदाधिकारी यांना शिक्षा झाल्या.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. सामने विकण्याचा विषय निघाला की आपल्याला क्रिकेट आठवते. २००० साली दिल्ली पोलिसांनी टिपलेल्या दूरध्वनी संभाषणांतून दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए सापडला तो प्रसंग आपल्या प्राध्यापकांच्या तरी स्मरणात असेलच. तेथे गिऱ्हाईक होते सट्टेबाज. जर्मनीत १९७१ साली गिऱ्हाईक होते खुद्द क्लब! तळाचे क्लब आपला जीव वाचवण्यासाठी दुसऱ्या संघांकडून गुण विकत घेत होते. हा फरक लक्षात ठेवला नाही तर या प्रकरणाचे कारणच आपल्या हाती लागणार नाही.

गुणाचा भाव

आता आपण हिशेबाकडे वळू. बिलेफेल्डने विकत घेतलेले तीन विजय ठळक आहेत.

पहिला १७ एप्रिल १९७१ चा. शाल्के ०४ हा नावाजलेला संघ स्वतःच्या मैदानावर बिलेफेल्डकडून ०-१ असा हरला. किंमत ४०,००० मार्क. शाल्केच्या खेळाडूंच्या वाट्याला प्रत्येकी सुमारे २,३०० मार्क आले. दुसरा मे महिन्यातला. बिलेफेल्डने श्टुटगार्टला १-० असे हरवले. श्टुटगार्टच्या तीन खेळाडूंना मिळून ४५,००० मार्क गेले. तिसरा शेवटच्या दिवसाचा, हेर्टाविरुद्धचा. किंमत २,५०,००० मार्क.

तिन्ही सामन्यांचे गुण मिळून ६ आणि खर्च ३,३५,००० मार्क. म्हणजे सरासरी एका गुणाला जवळजवळ ५६,००० मार्क पडले. परंतु सरासरीने येथे फसगत होते. सुटे भाव पाहिले तर एप्रिलमध्ये एक गुण २०,००० मार्कांना मिळत होता, मेमध्ये २२,५०० ला, आणि शेवटच्या दिवशी तोच गुण १,२५,००० मार्कांना! सात आठवड्यांत भाव सहापटींहून अधिक चढला. मागणी निकडीची आणि पुरवठा एका दुपारपुरता असला म्हणजे काय होते, याचे याहून चांगले उदाहरण आमच्या अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात मी तरी पाहिलेले नाही.

शेवटच्या दिवसाच्या भावामागे आणखी एक कारण होते. हेर्टाच्या खेळाडूंपुढे एकाच वेळी दोन गिऱ्हाइके उभी होती. ऑफेनबाखकडून निरोप होता : बिलेफेल्डला हरवा, १,४०,००० मार्क देतो. बिलेफेल्डकडून निरोप होता : हरा, अडीच लाख देतो. हा लिलाव होता, आणि जास्त बोली बोलणाऱ्याच्या पदरात माल पडला. यातली विचित्र गोष्ट अशी, की जिंकण्यासाठी पैसे घेणे हे तर हेर्टाच्या खेळाडूंचे नेहमीचेच काम. त्यासाठी त्यांचा स्वतःचा क्लब पगार देतच होता. एकदा जिंकण्याचे पैसे तिसऱ्याकडून मागायची सवय लागली, की हरण्याचे पैसे मागायला फार मोठी उडी मारावी लागत नाही.

बिलेफेल्डच्या २९ गुणांतून हे ६ वजा केले तर २३ उरतात. म्हणजे तळाच्या एसेनइतके. अर्थात ते तिन्ही सामने प्रामाणिकपणे खेळले गेले असते तर बिलेफेल्डला त्यांत काहीच मिळाले नसते असे ठामपणे म्हणता येत नाही. पण विकत घेतलेल्या मालाचे हेच तर दुखणे आहे. खरे किती आणि खोटे किती हे नंतर कोणालाच निवडून काढता येत नाही. १९७०-७१ चा तक्ता महासंघाने पुढे बदलला नाही. तो आजही तसाच छापला जातो.

रोग कोठे होता?

‘माणसे लोभी होती’ एवढे म्हणून हा विषय मिटवता येईल. लोभ होताच, त्याबद्दल वाद नाही. परंतु लोभ सर्व काळी, सर्व देशांत असतो. मग त्याच आठ-दहा आठवड्यांत, इतके क्लब मिळून, इतक्या उघडपणे बाजार का मांडतात? याचे उत्तर मला नियमांच्या दोन कलमांत सापडते.

पहिले कलम पगाराचे. बुंडेसलिगा १९६३ साली सुरू झाली. जर्मन महासंघाच्या धुरीणांना खेळाचा धंदा होणे मनापासून पसंत नव्हते. म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला : खेळाडूला पैसे मिळावेत, पण फार मिळू नयेत. बक्षिसी धरून महिन्याला जास्तीत जास्त १,२०० मार्क, आणि एका क्लबाकडून दुसऱ्याकडे जाताना बदलीची रक्कम जास्तीत जास्त ५०,००० मार्क, असे नियम झाले. आपल्याकडे नियंत्रित भावाच्या रॉकेलचे जे व्हायचे तेच तेथे चांगल्या खेळाडूंचे झाले. दुकानाच्या फळीवर एक भाव आणि मागच्या दाराला दुसरा. १९६५ साली हेर्टा बर्लिनच्या वह्या तपासल्या तेव्हा सुमारे १,९२,००० मार्कांचा मेळ लागेना. चहूबाजूंनी भिंतीने वेढलेल्या बर्लिनमध्ये येऊन राहायला खेळाडू सहजासहजी तयार होत नसत, म्हणून त्यांना छुपे पैसे द्यावे लागत होते. हेर्टाला साखळीतून काढून टाकण्यात आले. शिक्षा झाली, पण कलम तसेच राहिले.

याचा परिणाम फार खोल गेला असे मला वाटते. वर्षानुवर्षे ज्या खेळाडूला आपल्या कमाईचा एक भाग पाकिटातून, पावतीशिवाय घ्यावा लागतो, त्याला पाकीट ही वस्तूच परकी राहत नाही. आज स्वतःच्या क्लबाचे पाकीट, उद्या शेजारच्या क्लबाचे. शेवटच्या दिवशीचे अडीच लाख मार्क अकरा जणांत वाटले असे धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे २२,७०० येतात. १९६३ च्या मर्यादेने ती जवळजवळ १९ महिन्यांची कमाई झाली, आणि तीही एका दुपारची!

दुसरे कलम पदावनतीचे. तेव्हा बुंडेसलिगाच्या खाली दुसरी राष्ट्रीय श्रेणी नव्हतीच. खाली होत्या पाच प्रादेशिक साखळ्या. तेथे प्रेक्षक थोडे, उत्पन्न तुटपुंजे, आणि पुन्हा वर यायला साऱ्या देशातून वर्षाला दोनच जागा. म्हणजे सतराव्या क्रमांकाच्या आणि सोळाव्या क्रमांकाच्या क्लबांत खेळाचा फरक एका गोलाचा, पण उत्पन्नाचा फरक दरी आणि डोंगराएवढा. आपण एखाद्या जिन्याच्या पायऱ्या उतरतो तेव्हा घसरलो तरी पुढच्या पायरीवर थांबतो. येथे पायरीच नव्हती. थेट कडा होता. अशा कड्याच्या टोकाशी उभ्या असलेल्या क्लबाच्या चालकाला अडीच लाख मार्क हा खर्च न वाटता विम्याचा हप्ता वाटू लागला, तर तो हिशेब चुकीचा नव्हता. हिशेब बरोबर होता. कृत्य चुकीचे होते. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हेच या हंगामापासून शिकण्यासारखे आहे.

यावर कोणी म्हणेल, की मग तुम्ही दोष माणसांवरून काढून नियमांवर टाकता. तसे नाही. ग्लाडबाखचे खेळाडू त्याच नियमांखाली खेळत होते. मोडलेल्या खांबापायी गमावलेला गुण त्यांनी बाजारात शोधला नाही; मैदानावर भरून काढला. नियम वाईट असला तरी वागणे प्रत्येकाच्या हाती उरतेच. परंतु दहा माणसे घसरली तर ती माणसे बेसावध म्हणावी आणि पन्नास घसरली तर जमिनीवर तेल सांडले आहे का ते पाहावे, एवढेच माझे म्हणणे.

न्यायनिवाडा

शिक्षा कडक झाल्या. मांगलिट्झला आजन्म बंदी घालण्यात आली. बिलेफेल्डच्या बाबतीत तर फार चमत्कारिक निकाल लागला. १९७१-७२ च्या हंगामात हा संघ सगळे सामने खेळला, पण त्याचे गुण धरायचे नाहीत, फक्त प्रतिस्पर्ध्याचे धरायचे असे ठरले. एखाद्या विद्यार्थ्याने वर्षभर वर्गात बसून सर्व पेपर लिहावेत आणि निकालपत्रकात त्याच्या नावापुढे शून्य पडावे, तसे झाले. बिलेफेल्ड तळाला गेला, आणि पुन्हा बुंडेसलिगात यायला त्याला १९७८ साल उजाडले.

शाल्केची कथा याहून दुःखद आहे. त्यांच्या खेळाडूंनी पैसे घेतल्याचे नाकारले, आणि न्यायालयात शपथेवर नाकारले. १९७२ साली हा संघ बुंडेसलिगात दुसरा आला आणि जर्मन चषकही त्याने जिंकला. इतका गुणी संघ होता तो! पण चौकशी मागे लागलेलीच होती. पुढे सत्य बाहेर आले, आणि २,३०० मार्कांच्या चिरीमिरीपेक्षा खोट्या शपथेचा गुन्हा जड ठरला. न्यायालयाने दंड केले. लोकांनी क्लबाला ‘माइनआइड’ म्हणजे ‘खोटी शपथ’ असे नाव ठेवले आणि ते दीर्घकाळ चिकटून राहिले. क्लाउस फिशर हा गोल करण्यात वाकबगार असलेला तरुण त्यांपैकीच एक. बंदी संपवून तो परत आला, आणि १९८२ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात फ्रान्सविरुद्ध त्याने हवेत उलटे होऊन मारलेला गोल आजही दाखवला जातो. आजन्म म्हणून घातलेल्या बंद्यांपैकी बऱ्याच पुढे सौम्य झाल्या. महासंघाने कित्येकांना माफी दिली.

आणि कानेलास? ज्यांनी हे सारे उघडकीला आणले त्यांनाही आजन्म बंदीच मिळाली. आपण पुरावा गोळा करण्यासाठीच बोलणी केली असे त्यांचे म्हणणे होते. महासंघाने ते मानले नाही. त्यांच्याविषयी मत बनवणे सोपे नाही. त्यांचा क्लब वाचला असता तर त्यांनी त्या दिवशी यंत्राची कळ दाबली असती का, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. पण दुसरी बाजूही आहे. ज्यांचे क्लब वाचले त्यांपैकी कोणीही आपण होऊन कळ दाबली नाही, आणि ज्यांचे हात स्वच्छ होते त्यांच्याकडे पुरावा नव्हता. आतल्या व्यवहाराची माहिती बहुधा आतल्या माणसालाच असते, आणि आतला माणूस बहुधा पूर्ण निर्दोष नसतो. अशा माणसाला गुन्हेगाराइतकीच शिक्षा दिली तर पुढचा माणूस तोंड उघडील का? आमच्या लेखापरीक्षणाच्या तासाला हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. कानेलास यांना १९७६ साली माफी मिळाली. १९७७ साली ‘लांड्सहुट’ हे जर्मन विमान पळवून मोगादिशूला नेण्यात आले, त्यात ते आणि त्यांची मुलगी प्रवासी म्हणून अडकले होते. दोघेही सुखरूप सुटले. १९९९ साली त्यांचे निधन झाले.

तोटा कोणाच्या नावे?

प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात असे आपण पहिल्या वर्षाला शिकतो. खेळाडूंना मिळालेले पैसे एका बाजूला जमा झाले. दुसरी बाजू कोणाच्या नावे पडली?

पहिले नाव प्रेक्षकाचे. तिकीट काढून येणाऱ्या माणसाने खऱ्या सामन्याचे पैसे मोजले आणि त्याला नाटक दाखवले गेले. त्याने आपला निषेध शांतपणे नोंदवला. तो येईनासा झाला. १९७०-७१ साली सुमारे ६३ लाख प्रेक्षक आले होते. दोन वर्षांनी, १९७२-७३ च्या हंगामात, ते सुमारे ५० लाखांवर आले. यात नवलाची गोष्ट ही, की याच काळात जर्मन राष्ट्रीय संघ अतिशय सुंदर खेळत होता आणि १९७२ साली युरोपचा विजेताही झाला. माल चांगला असूनही दुकानावरचा विश्वास उडाला होता.

दुसरे नाव लोथार कोब्लून यांचे. ओबरहाउझेनच्या मधल्या फळीतल्या या खेळाडूने त्या हंगामात २४ गोल केले. गेर्ड म्युलरसारख्याचे २२ झाले होते! सर्वाधिक गोल करणाऱ्याला ‘किकर’ हे नियतकालिक तोफेच्या आकाराचे मानचिन्ह देते. परंतु त्यांच्या क्लबाचे नाव चौकशीत आल्यामुळे ते त्यांना देण्यात आले नाही. अखेर २००७ साली, म्हणजे ३६ वर्षांनी, ती छोटी तोफ त्यांच्या हातात पडली. भ्रष्टाचाराचा दंड नेहमी भ्रष्टाचार करणाराच भरतो असे नाही; त्याच खोलीत काम करणारा सरळ माणूसही तो भरतो.

पण तोटा झाला म्हणूनच दुरुस्तीही झाली. १९७२ साली महासंघाने पगार आणि बदलीच्या रकमेवरची मर्यादा उठवली. जे मागच्या दाराने चालले होते ते पुढच्या दाराने, वहीत नोंदून चालू लागले. १९७३ साली ब्राउनश्वाइग क्लबाने ‘येगरमाइस्टर’ या मद्याच्या कंपनीचे हरणाचे चिन्ह सदऱ्यावर लावले आणि सदऱ्यावरच्या जाहिरातींचे उत्पन्न सुरू झाले. १९७४ साली बुंडेसलिगाच्या खाली दुसरी श्रेणी, उत्तर व दक्षिण अशा दोन गटांत, सुरू करण्यात आली. कड्याच्या जागी पायरी आली. त्याच वर्षी जर्मनीने आपल्या देशात विश्वचषक जिंकला आणि प्रेक्षक हळूहळू परतले.

यामुळे लबाडी कायमची संपली असे मात्र नाही. २००५ साली रोबेर्ट होयझर या पंचाने सट्टेबाजांकडून पैसे घेऊन सामने फिरवल्याचे उघड झाले, आणि त्याला तुरुंगवास झाला. पैशाने आपले दार बदलले होते. पण तळाचे क्लब जीव वाचवण्यासाठी मिळून गुणांचा लिलाव मांडतात, असा १९७१ चा प्रकार त्या प्रमाणावर बुंडेसलिगात पुन्हा उघडकीला आलेला नाही. ज्या रोगावर औषध दिले तो रोग बरा झाला, असे म्हणायला हरकत नाही.

नियम करणारे लोक बहुधा चांगल्या हेतूनेच नियम करतात. खेळ स्वच्छ राहावा म्हणूनच जर्मन महासंघाने १,२०० मार्कांची मर्यादा घातली होती. पण नियमाबरोबर दोन रकमा नेहमी मांडून पाहाव्या लागतात : तो पाळण्याला सामान्य माणसाला किती पडते, आणि मोडल्याने किती मिळते. ही वजाबाकी फार मोठी निघाली तर तो नियम हिशेबाच्या वहीला दोन पाने पाडतो, एक दाखवायचे आणि एक लपवायचे. आपल्यापैकी अनेकजण उद्या बँकेत, पतपेढीत, बाजारपेठेत किंवा कचेरीत कुठेतरी वह्या लिहिणार आहेत किंवा तपासणार आहेत. लपवलेले पान दिसले तर ते लिहिणाऱ्याला जाब विचारावाच; पण ते पान मुळात पडले का, हेही त्याच बैठकीत विचारावे. जर्मन फुटबॉलने हा दुसरा प्रश्न १९६५ सालीच विचारला असता, तर कोब्लून यांची तोफ त्यांना वेळेवर मिळाली असती.